जुनं माप

१२ जानेवारी

मामा,

तुमच्या निवेदनात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. 'रंगभूषा'मधला भू तुम्ही ऱ्हस्व लिहिला होता आणि 'काल्पनिक'मधला नि दीर्घ. ज्या माणसाने जन्मभर रंगभूषा केली त्याला तो शब्द लिहिता येऊ नये याचे मला नवल वाटले नाही. तुम्हाला तो कधी लिहावा लागला नाही, पडद्यावर दुसरे कोणीतरी लिहायचे. दोन्ही चुका मी दुरुस्त केल्या. 'काल्पनिक' हा शब्द आता शुद्ध आहे आणि खोटा आहे. त्या दुसऱ्या गोष्टीवर माझ्या पेन्सिलीचा इलाज नाही.

मी कोण ते सांगतो. तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शेवटचे पाहिलेत तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आता अठ्ठावीस आहे. जुन्या मालिका स्वच्छ करून पुन्हा दाखवायला तयार करणाऱ्या एका कंपनीत मी पडद्याखालची अक्षरे टाइप करतो आणि इतरांनी केलेली तपासतो. शाळा आठवीत सुटली. शब्दकोश घेऊन बसायची सवय तेवढी सुटली नाही.

तुमची मालिका आमच्याकडे आली आहे. एकशे बारा भाग. ती पुन्हा दाखवणार हे कळल्यापासून तरुण मंडळी चिडली आहेत. अंगावर कोड असलेल्या बाईला पापी दाखवले, पापागणिक तिच्या चेहऱ्यावर एक पांढरा डाग वाढवला, हे क्रूर आहे असे ती लिहितात. म्हणून आमच्या विभागप्रमुख बाईंनी प्रत्येक भागाआधी सात सेकंदांची सूचना घालायचे ठरवले आणि रंगभूषाकार म्हणून तुमचे म्हणणे मागवले. तुम्ही लिहिलेत, "कवडी या पात्राचा चेहरा पूर्णपणे काल्पनिक आहे. तो कोणत्याही जिवंत व्यक्तीवरून घेतलेला नाही. कलाकृती त्या काळच्या मापाने मोजावी." तो कागद टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. खाली सही पाहायच्या आधीच मी अक्षर ओळखले.

मला तुमच्याकडून दोन ओळी हव्या आहेत. कवडीचा चेहरा तुमच्या बहिणीचा होता आणि तो तिला न सांगता वापरला, एवढेच. सूचना ३१ मार्चला कायम होणार आहे. त्याआधी मिळाल्या तर 'काल्पनिक' काढता येईल. आणि तो कागद परत हवा आहे.

कोणता कागद ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, म्हणजे उद्या हे पत्र तिसऱ्या कोणाच्या हाती पडले तर त्यालाही कळेल.

आईची शिवणाची खोली तुम्हाला आठवत असेल. खिडकीखाली लांब कापणीचे टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पातळ कागदांचे नमुने. प्रत्येकाच्या कोपऱ्यात कोणाचे माप, कोणता कपडा, तारीख. गिऱ्हाईक सुटले किंवा पोर उंच झाले की आई त्या कागदावर लिहायची, "जुनं माप. वापरू नये." एकदा जुन्या मापाने तिने कोणाचा तरी चांगला कोट बिघडवला होता, तेव्हापासूनची ही शिस्त.

तुम्ही म्हणालात, "धाकटे, मी तुझ्या कातडीचा रंग बनवून देतो. डागांवर असा बसेल की आरशाला पत्ता लागायचा नाही. पण त्याला साचा पाहिजे." ती टेबलावर आडवी झाली. उशाला कापलेल्या बाह्यांचा ढीग. कागद तिच्याच गुंडाळीतला, पेन्सिल तिचीच. तिच्या तोंडावर कागद पसरून तुम्ही एकेक डाग गिरवत होता आणि खालचे टोक मी धरले होते.

"दादा, माझ्या तोंडाला फ्रॉक शिवतोस की काय?"

"बोलू नकोस गं, गाल हलतो."

झाल्यावर ती उठली आणि सवयीने कोपऱ्यात लिहिले: धाकटी. चेहरा. तारीख. आपण तिघेही हसलो होतो.

तो रंग आला नाही. आठ महिन्यांनी मालिका आली.

हे पत्र आईला न सांगता लिहितो आहे. लोभ असावा वगैरे तूर्त बाजूला ठेवतो.

तुमचा भाचा


२ फेब्रुवारी

मामा,

उत्तर मिळाले. 'चिरंजीव' म्हणालात, तेवढे घेतले. बाकीचे तीनदा वाचूनही घेता आले नाही.

तुम्ही लिहिता, "त्या काळी कुणाला काय कळत होतं?" माझ्याकडे कात्रणे आहेत. जमवायला लागलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. पहिल्या वर्षीचे कात्रण म्हणते, "कवडीचे डाग इतके हुबेहूब, की अंगावर काटा यावा." त्या वर्षी तुम्हाला बक्षीस मिळाले. त्यानंतर नऊ वर्षांनी एका त्वचारोगाच्या डॉक्टरांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवले, की कोड कोणाला लागत नाही, ते कोणाच्या पापाने येत नाही, आणि अशा मालिका बघून आमचे रुग्ण घराबाहेर पडेनासे होतात. ते शेवटच्या पानावर तळाशी छापले, आणि शेजारी याच मालिकेच्या पुन्हा दाखवण्याची जाहिरात. आता तिसरी खेप. ज्यांना तेव्हा दात आले नव्हते ते आज तुम्हाला दोषी ठरवत आहेत. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. पण कौतुक करणाऱ्यांनी, चुकले म्हणणाऱ्यांनी आणि आता चिडणाऱ्यांनी, कोणीही आमच्या दाराची कडी वाजवली नाही.

आणि कळत नव्हते हेही खरे नाही. आईला कळत होते. तिसऱ्या भागात भुवईवरचा डाग आला तेव्हा ती हातातले काम ठेवून खालच्या दुकानात गेली आणि तिथून तुम्हाला फोन लावला. मी तिच्या पदराजवळ उभा होतो.

"दादा, तो माझा आहे."

तुमचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "अगं, डाग काय कुणाच्या मालकीचे असतात?"

"मग तुझ्या बायकोचा काढ."

फोन तुम्ही ठेवलात. त्यानंतर एकोणीस वर्षे तुम्ही दोघे बोललेला नाहीत. पुढे काय झाले ते तुम्ही कधी विचारले नाही म्हणून सांगतो. आई शाळेचे गणवेश शिवायची. ते काम आधी गेले. शाळेने सांगितले, "बाई, तुमचा हात चांगला आहे हो, पण पोरं ऐकत नाहीत. कवडीनं शिवलेलं घालणार नाही म्हणतात." पोरांचे नाव पुढे करून मोठ्यांनी आपापली मापे परत नेली. आम्ही दोन वेळा खोली बदलली. माझी शाळा सुटली ती तुमच्यामुळे.

तुम्ही लिहिता, की आईला विचारूनच साचा घेतला होता. हो. डाग झाकण्यासाठी विचारले होते.

आणि आता म्हणे तो साचा रंगभूषेच्या प्रदर्शनाला देणार, काचेच्या पेटीत. "आईला सांग, तिला अभिमान वाटेल." मी सांगितलेले नाही. तो कागद तुमचा नाही, मामा. गुंडाळीही तुमची नव्हती.

भाचा


२० फेब्रुवारी

मामा,

आईला कळले. तुमचे पत्र मी शब्दकोशात लपवले होते. त्याला घरात कोणी हात लावत नाही अशी माझी समजूत. तिला कापडावर नमुना दाबून धरायला वजन हवे होते, तिने नेमका तोच उचलला.

तिने पत्र पूर्ण वाचले, घडी होती तशी घातली आणि म्हणाली, "दादाचं अक्षर अजून तसंच आहे. खोटं लिहिताना जरा जास्त वळणदार." मग म्हणाली, "तुझ्या कचेरीत आहे ना ती मालिका? मला दाखव."

"कशाला बघतेस आता?"

"माझ्यावरून बेतलेला कपडा एकदा तरी मी अंगाला लावून बघू नको का?"

त्याच आठवड्यात कचेरीत एक प्रकार झाला होता, तो मी तिला सांगितला नव्हता. सूचनेऐवजी डागच पुसून टाकावेत असा एक विचार निघाला. संगणकावर काम करणाऱ्या मुलीने नमुन्यादाखल एक दृश्य पुसून मला बोलावले. "बघ, किती सुंदर दिसते आता!" मी पाहिले आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. ती चांगली मुलगी आहे. तिला वाटले मला चक्कर आली.

कारण असे, मामा, की आईचे डाग आता राहिलेले नाहीत. ते वाढत वाढत एकमेकांना मिळाले. दोन वर्षांपूर्वी मानेवरचा शेवटचा सावळा तुकडाही गेला, आणि आता ती कपाळापासून पायांपर्यंत एकाच फिकट रंगाची आहे. नव्या गल्लीत कोणाला काही माहीत नाही. किराणावाला तिला "गोऱ्या मावशी" म्हणतो. परवा त्याच्या बायकोने विचारले, "मावशी, कोणती क्रीम लावता हो?" आई म्हणाली, "वीस वर्षं लागतात बाई, तुला जमायचं नाही."

तिने कधी फोटो काढू दिला नाही. म्हणजे तिचा तो चेहरा, ज्याच्याकडे बघत मी मोठा झालो, आता फक्त दोन ठिकाणी आहे. तुमच्या मालिकेत आणि तुमच्या कागदावर.

मी चाळिसावा भाग घरी आणला. त्यात चेहरा पुरा होतो. निळा उजेड, जड दागिने, मागे घुबडाचा आवाज. आईने चष्मा पुसला, पुढे सरकली आणि बोट लावून सांगू लागली, जशी ती उसवलेल्या शिवणी दाखवते. "हा भुवईवरचा. हा कानाखालचा, बरोबर आलाय. हनुवटीचा थोडा ओढलाय त्यानं." मग बोट ओठापाशी आले. "ओठावरचा माझा नाही."

"आई, तुला होता की ओठावर."

"नंतर आला, दोन वर्षांनी. दादानं आगाऊ काढून ठेवला होता." आणि ती हसली.

पडदा बंद केल्यावर म्हणाली, "माझा कागद परत आण. एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला देत नाहीत. आणि काचेत ठेवायला मी काय टाचलेलं फुलपाखरू आहे?"

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुख बाईंना सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले. म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण त्यांचं म्हणणं सहीनिशी आहे. तुमच्याकडे लेखी काय आहे?" मी सांगितले, त्या कागदाच्या कोपऱ्यात आईच्या हाताने नाते, वस्तू आणि तारीख लिहिलेली आहे, आणि ती तारीख मालिकेच्या आठ महिने आधीची आहे. त्या म्हणाल्या, "मग तो आणा. तो आला तर मी शब्द बदलते."

तेव्हा मामा, दोन ओळी लिहायच्या जिवावर येत असतील तर लिहू नका. नुसता कागद पाठवा. कोपऱ्यात सगळे आहे.

भाचा


११ मार्च

मामा,

तुमचे दुसरे पत्र आले. कागद नाही, एकच वाक्य: "गल्लीत कुणी बोंब मारली ते आधी स्वतःला विचार."

तुम्हाला हे कुठून कळले माहीत नाही. पण कळले आहे, तर आता माझ्या हातानेच लिहितो. उत्तराचा कच्चा मसुदा चार वेळा फाडला.

चाळिसाव्या भागापर्यंत गल्लीत कोणालाच काही जुळवता आले नव्हते. पडद्यावरची नटी उंच, आई बुटकी. तिकडे निळा उजेड, इकडे शिवणयंत्राचा दिवा. आणि डाग तर आईला आधीपासून होतेच, लोकांना त्यांची सवय झाली होती. मालिकेच्या शेवटी भराभर पळणाऱ्या अक्षरांत तुमचे नाव यायचे आणि मी ते वाचायला पडद्याला नाक लावून बसायचो. चाळिसाव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत नळाशी पोरे कवडीबद्दल बोलत होती. मी म्हणालो, "तो चेहरा माझ्या मामानं केलाय. आणि तो माझ्या आईचा आहे." छाती फुगवून म्हणालो. कोणाचा विश्वास बसेना म्हणून कागदावरची तारीखही सांगितली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर खडूचे पांढरे ठिपके होते. आईने ओल्या फडक्याने पुसले आणि काही विचारले नाही. गणवेश त्याच आठवड्यात गेले. पुढची चार वर्षे मी वर्गात मान खाली घालून बसत होतो, ते कोणी काही बोलेल म्हणून नाही, आपण बोललो होतो म्हणून. शेवटी जायचे बंद केले. २ फेब्रुवारीच्या पत्रातले 'शाळा सुटली ती तुमच्यामुळे' हे वाक्य मी खोडतो. तुमच्या प्रतीतही खोडा.

काल आईला सांगितले. ती सुईत दोरा ओवत होती.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पोरगं मामाचं कौतुक सांगत होतं. आणि मी तरी काय, स्वतःहून तोंड पुढे करून टेबलावर झोपलेच होते ना." दोरा ओवला गेला. "तू नऊ वर्षांचा होतास. दादा चाळीसचा होता. हे माप सारखं धरू नकोस."

म्हणून मी माझे खोडतो पण तुमचे खोडत नाही.

शब्दकोशात 'कोड' हा शब्द दोनदा आहे, एकाखाली एक. एक म्हणजे कातडीवरचे पांढरे डाग. दुसरा म्हणजे हौस, लाड. कोड पुरवणे, लाडकोड, कोडकौतुक. बक्षीस घेताना तुम्ही म्हणाला होता, "माझ्या धाकट्या बहिणीचे मी फार कोड पुरवले." कात्रण आहे. टाळ्या पडल्याचेही छापले आहे.

वीस दिवस उरले. कागद पाठवा.

भाचा


२९ मार्च

मामा,

पाकीट मिळाले. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये कागद नीट बसवला होता. एकही नवी सुरकुती नाही. आत चिठ्ठी नव्हती. आणि उजवीकडचा खालचा कोपरा नव्हता.

आईने कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. "कात्री बोथट आहे," ती म्हणाली, "आणि घाईत चालवलीय. दादाला कधी सरळ कापता आलं नाही."

तो कोपरा कापायचा हे तुम्हाला मीच सुचवले. कोपऱ्यात काय आहे, त्याने काय होईल, सगळे व्यवस्थित लिहून पाठवले. नळापाशी तारीख सांगितली होती तसेच. माझ्या नीटपणाने आईला दुसऱ्यांदा बुडवले.

तरी कागद घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला. "हा कुणाचाही चेहरा असू शकतो," त्या म्हणाल्या. मी म्हटले, आईला घेऊन येतो. "आणा की. पण तुम्हीच सांगितलंत ना, त्यांच्या चेहऱ्यावर आता काहीच नाही." त्यांच्या बोलण्यात वाकडे काही नव्हते. मी कागद परत पुठ्ठ्यात ठेवला.

डाग पुसण्याचा बेत रद्द झाला. आईसाठी नव्हे, फार वेळ लागतो म्हणून. 'काल्पनिक' हा शब्द राहिला. तुम्ही जिंकलात असे समजायला हरकत नाही, पण सूचनेचा शेवटचा मजकूर ऐकून घ्या.

शब्द ठरवण्याचा अधिकार मला नाही. वाक्य नीट करण्याचा आहे. मी बाईंना म्हटले, कोणाचे म्हणणे असेल तर ते कोणाचे हे वाक्यात आले पाहिजे, नाहीतर ते कंपनीचे म्हणणे होते. त्यांना ते पटले. आता प्रत्येक भागाआधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येईल: "कवडी या पात्राचा चेहरा पूर्णपणे काल्पनिक आहे, असे रंगभूषाकारांचे म्हणणे आहे." त्याखाली तुमचे पूर्ण नाव. सात सेकंद, एकशे बारा वेळा. पूर्वी ते शेवटी यायचे आणि पळून जायचे. आता आधी येईल आणि थांबेल. तो साचा गिरवताना त्या टेबलाशी असलेले आपण तिघेच आहोत, तिघेही वाचू. नावातला प्रत्येक ऱ्हस्वदीर्घ मी तपासला आहे.

आज सकाळी आईने तो कागद आरशासमोर तोंडाला लावला. बाजूच्या खिडकीतून उजेड पडत होता, त्यामुळे पेन्सिलीच्या रेघा तिच्या चेहऱ्यावर पडल्यासारख्या दिसल्या. क्षणभर ती मला दिसली, जुनी. मग तिने मान हलवली आणि रेघा सरकल्या.

"नाक तेवढं बरोबर आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं सैल झालं."

तिने कागद टेबलावर पसरला. कोपरा नव्हता, म्हणून पेन्सिल घेऊन मधेच, कपाळ येते त्या जागी, लिहिले:

जुनं माप. वापरू नये.

आणि भिंतीवरच्या खिळ्याला, इतर कागदांच्या मागे, अडकवून टाकला. मग मला विचारले, "बघ रे, बरोबर लिहिलंय ना?"

मी जवळ जाऊन पाहिले. एकही चूक नव्हती.

तुमच्या धाकटीचा मुलगा